वाचकांचे प्रश्न : ब्रिटनमधील इस्टेटी कशा मोडल्या आणि त्यांवरील कॉटेजेस कोणाकडे गेली

ब्रिटनमधील ग्रामीण इस्टेटींची मोडणी आणि त्या मोडणीत विकली गेलेली कॉटेजेस या विषयावर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी एकमेकांना पूरक असलेले प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रश्न संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : इंग्लंडमधील जुन्या इस्टेटी वारसा कराने संपवल्या, असे सर्वत्र वाचायला मिळते. एवढा एकच कर शेकडो वर्षांची जमीनदारी मोडू शकतो का?

कर हे एक कारण होते. ते एकमेव नव्हते आणि काळाच्या क्रमाने पाहिले तर पहिलेही नव्हते. इस्टेट म्हणजे केवळ एक मोठा वाडा आणि त्याच्याभोवतीची बाग नव्हे. वाड्याभोवती उपवन, मालकाची घरची शेती, खंडाने दिलेली अनेक शेते, राखलेले जंगल आणि पुष्कळदा एखादे संपूर्ण गाव असा तिचा पसारा असे. त्या गावातील शेतमजूर, लोहार, सुतार, माळी आणि शिकारीचे पक्षी राखणारा रखवालदार ज्या घरांत राहत, ती घरेही इस्टेटीचीच असत. १८७३ साली सरकारने जमीनमालकांची जी मोजदाद सुरू केली, तिच्यावरून देशातील सुमारे चार पंचमांश जमीन सात हजारांहून कमी मालकांच्या हाती असल्याचे दिसून आले.

या व्यवस्थेला पहिला तडा १८७०च्या दशकाच्या अखेरीस गेला. अमेरिकेतून रेल्वेने आणि आगबोटींनी येणारा स्वस्त गहू आणि १८८२ पासून न्यूझीलंडहून शीतकरणाची सोय असलेल्या जहाजांतून येऊ लागलेले मांस यांच्यापुढे इंग्लंडमधील शेतीचा निभाव लागेना. त्या दशकाच्या आरंभी क्वार्टर या मापाला पन्नास शिलिंगांच्या वर असलेला गव्हाचा भाव १८९४ मध्ये २२ शिलिंग १० पेन्सांवर उतरला. खंड कमी करावा लागला, काही शेते ओस पडली, आणि कॉटेजांच्या दुरुस्तीचा खर्च मात्र मालकाच्याच डोक्यावर राहिला. मजुरांच्या घरांचे भाडे आधीच इतके अल्प असे, की छपराच्या एका दुरुस्तीत वर्षानुवर्षांचे भाडे संपून जाई.

तरीही जमीन विकून मोकळे व्हावे, तर बहुतेक मालकांना ती विकताच येत नव्हती. घराण्याची जमीन घराण्यातच राहावी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या असे दस्त केले जात, की वाड्यात राहणारा पुरुष केवळ हयातीपुरता उपभोग घेणारा ठरे आणि मूळ मालमत्ता न जन्मलेल्या वारसांसाठी बांधून ठेवली जाई. १८८२ च्या ‘सेटल्ड लँड अ‍ॅक्ट’ने ही गाठ सोडवली. हयातीपुरत्या धारकाला जमीन विकण्याचा अधिकार मिळाला, पैसा मात्र विश्वस्तांकडे जाईल अशी तजवीज झाली, आणि मुख्य वाडा विकायचा असेल तर विश्वस्तांची संमती किंवा न्यायालयाचा आदेश आवश्यक ठरला. या अखेरच्या तरतुदीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. पण दूरची शेते आणि कॉटेजेस आधी का गेली आणि वाडा शेवटपर्यंत का राहिला, याचे अर्धे उत्तर तिच्यात आहे. उरलेले अर्धे अर्थातच प्रतिष्ठेत आहे.

त्यानंतर कर आला. अर्थमंत्री सर विल्यम हारकोर्ट यांनी १८९४ मध्ये लागू केलेल्या ‘इस्टेट ड्यूटी’चा सर्वोच्च दर दहा लाख पौंडांवरील मालमत्तेला केवळ ८ टक्के होता. १९१९ मध्ये तो ४० टक्के आणि १९४९ मध्ये ८० टक्के झाला. पहिल्या महायुद्धात पिता आणि पुत्र पाठोपाठ गेले आणि दोनदा कर भरावा लागून इस्टेट बुडाली, ही गोष्ट सर्रास सांगितली जाते. अशी उदाहरणे घडलीही असतील, परंतु युद्धात मारल्या गेलेल्यांच्या मालमत्तेला १९१४ च्या कायद्यानेच सवलत दिली होती, हे सांगायचे बहुधा राहून जाते. मोठ्या विक्रीचे कारण आमच्या मते याहून साधे होते. खर्च वजा जाता जमिनीतून दोन-तीन टक्के सुटणे कठीण झाले असताना सरकारचे १९१७ चे युद्धकर्ज ५ टक्के व्याज देत होते, युद्धामुळे जमिनीचे भाव चढलेले होते आणि प्राप्तिकर पौंडामागे सहा शिलिंगांवर, म्हणजे तीस टक्क्यांवर, गेला होता. अशा वेळी विकणारा माणूस दिवाळखोर असायलाच हवा असे नाही. पुष्कळदा तो केवळ हिशेबी होता.

प्रश्न : १९१८ ते १९२१ या काळात इंग्लंडची चौथाई जमीन विकली गेली, हा आकडा विश्वासार्ह आहे का?

तो जपून वापरावा. तो त्या काळच्या मालमत्ताविषयक नियतकालिकांतील अंदाजांवर उभा आहे, आणि पुढे ज्या अभ्यासकांनी प्रत्यक्ष व्यवहारांची मोजणी केली त्यांना तो फुगवलेला वाटला. उलाढाल प्रचंड होती यात शंका नाही. ‘इंग्लंडची मालकी बदलत आहे’ अशा अर्थाचे उद्गार १९२० मध्ये ‘द टाइम्स’ने काढले होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतः मालक असलेल्या शेतकऱ्यांकडील जमिनीचे प्रमाण १९१४ मध्ये सुमारे ११ टक्के होते, ते १९२७ पर्यंत ३६ टक्क्यांवर गेले. या आकड्यांवर अधिक भरवसा ठेवता येतो. मात्र चढ्या भावाने कर्ज काढून शेत घेतलेल्या कुळांचे १९२१ मध्ये हाल झाले, कारण धान्याच्या भावाची सरकारी हमी त्याच वर्षी काढून घेण्यात आली.

प्रश्न : स्टोनहेंज एका लिलावात ‘लॉट १५’ म्हणून विकले गेले, हे खरे का? आणि इस्टेटीचा लिलाव प्रत्यक्षात कसा होत असे?

खरे आहे. स्टोनहेंज हे अँट्रोबस घराण्याच्या एम्सबरी येथील इस्टेटीचा भाग होते. त्या घराण्याचा वारस ऑक्टोबर १९१४ मध्ये युद्धात मारला गेला, त्याचे वडील काही महिन्यांतच वारले आणि इस्टेट विक्रीला निघाली. ‘नाइट, फ्रँक अँड रटली’ या पेढीने २१ सप्टेंबर १९१५ रोजी सॉल्झबरी येथे केलेल्या लिलावात सेसिल चब यांनी ते ६,६०० पौंडांना घेतले आणि १९१८ मध्ये राष्ट्राला अर्पण केले. एका जगप्रसिद्ध स्मारकाला शेते आणि कुरणे यांच्या रांगेतला एक क्रमांक मिळावा, यात त्या व्यवहारातील कोणालाही काही विशेष वाटले नसावे, कारण इस्टेटीच्या यादीत सगळेच लॉट, म्हणजे क्रमांक देऊन विकायचा एकेक तुकडा, असते.

लिलावाची तयारी कित्येक महिने आधी सुरू होई. इस्टेटीचा कारभारी आणि लिलाव करणारी पेढी नकाशा घेऊन जमीन फिरत आणि कोणता तुकडा कोणाला जोडायचा हे ठरवीत. शेते बहुधा आधी खंडकरी शेतकऱ्यांना खाजगीरीत्या देऊ केली जात आणि न ठरलेली शेते लिलावात जात. प्रत्येक लॉटचे क्षेत्रफळ, त्यावरील कुळाचे नाव, भाडे आणि त्यावरील जुने देणे यांची नोंद असलेली छापील पुस्तिका काढली जाई आणि तिच्या शेवटी रंगीत नकाशा जोडलेला असे. उभ्या झाडांची किंमत अनेकदा वेगळी लावली जाई. हातोडा पडला की सामान्यतः दहावा हिस्सा तेथेच भरावा लागे.

कॉटेजांच्या दृष्टीने नकाशावरची ही आखणीच निर्णायक असे. काही घरे शेताच्या लॉटमध्ये घातली जात, कारण शेत घेणाऱ्याला मजुरांसाठी निवारा हवा असे. अशा घरातील कुटुंबाच्या आयुष्यात मालकाच्या नावाखेरीज फारसे काही बदलत नसे. गावाच्या रस्त्यालगतची घरे मात्र एकेकटी, जोडीने किंवा ओळीने विकली जात. कागदावर ओढलेल्या एका रेषेने शेजारच्या दोन घरांची नशिबे वेगळी केली. राहणाऱ्या मजुराजवळ खरेदीपुरते पैसे क्वचितच असत, त्यामुळे ती घरे दुकानदार, शेजारचा शेतकरी किंवा म्हातारपणासाठी थोडे भाडे मिळावे अशी इच्छा असलेला एखादा कारागीर घेई. शहरातून मोटारीने येणारे शनिवार-रविवारचे गिऱ्हाईक दोन महायुद्धांच्या दरम्यान आले, आणि त्याला घर भाडेकरूसह नको होते.

प्रश्न : त्या घरांत राहणाऱ्या माणसांना काही हक्क होता की नाही? इस्टेट विकली की त्यांना बाहेर काढले जाई का?

याचे उत्तर माणूस घरात कोणत्या नात्याने राहत होता यावर अवलंबून आहे. विक्रीमुळे भाडेकरार आपोआप संपत नाही. नवा मालक जुन्याच्या जागी येतो आणि भाडेकरू तेथेच राहतो. शिवाय १९१५ मध्ये, ग्लासगो येथील भाडेबंदीच्या आंदोलनानंतर, भाडे आणि ताबा या दोहोंवर नियंत्रण आणणारा कायदा झाला, आणि तो युद्धकाळापुरता असूनही वेगवेगळ्या रूपांत अनेक दशके टिकला. त्याचा परिणाम असा, की भाडेकरू असलेले कॉटेज स्वस्तात विकले जाई आणि रिकाम्या ताब्याचे कॉटेज त्याच्या कितीतरी पट भावाने. हा फरक ज्याला कळला त्याला पुढील पन्नास वर्षांचा ग्रामीण इंग्लंडचा घरबाजार कळला, असे म्हणता येईल.

शेतमजुरांची स्थिती याहून वाईट होती. अनेक मजुरांचे घर नोकरीशी बांधलेले असे. नोकरी गेली की घर गेले, आणि म्हातारपणी काम थांबले तरी घर सोडावे लागे. शेतमजुरांच्या संघटनेने या प्रथेविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला, तरी ‘रेंट (अ‍ॅग्रिकल्चर) अ‍ॅक्ट’ येण्यास १९७६ साल उजाडले. त्या कायद्याने ठराविक काळ शेतीत काम केलेल्या मजुराला घरात राहण्याचे संरक्षण दिले, आणि नव्या मजुरासाठी ते घर खरोखरच हवे असेल तर जुन्याच्या पर्यायी निवाऱ्यासाठी स्थानिक परिषदेने प्रयत्न करावेत असे बंधन घातले. तोपर्यंत शेकडो इस्टेटी मोडून झाल्या होत्या.

आज इंग्लंडमध्ये १५ जानेवारी १९८९ पूर्वीचा भाडेकरार असलेल्या वृद्ध भाडेकरूंना मजबूत संरक्षण आहे आणि त्यांचे न्याय्य भाडे अधिकारी ठरवतो. त्यानंतरच्या करारांना असे संरक्षण नव्हते. कारण न देता घर खाली करून घेण्याची मुभा २०२५ च्या कायद्याने १ मे २०२६ पासून काढून घेतली आहे. विकण्यासाठी घर खाली हवे असल्यास चार महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि भाडेकराराच्या पहिल्या वर्षात हे कारण पुढे करता येत नाही. पहिली खरेदी आपल्यालाच देऊ करावी असा कायदेशीर हक्क मात्र कॉटेजमधील भाडेकरूला नाही. १९८७ चा तसा कायदा फ्लॅट असलेल्या इमारतींपुरता आहे. एखादी इस्टेट आपल्या जुन्या भाडेकरूंना प्रथम विचारते तेव्हा ते तिचे सौजन्य असते, आणि सौजन्याचा दावा न्यायालयात लावता येत नाही.

प्रश्न : न मोडलेली, संपूर्ण एका मालकाची गावे अजून आहेत का?

आहेत, आणि ती निरनिराळ्या वाटांनी टिकली. विल्टशरमधील लेकॉक हे गाव आणि तेथील मठवजा वाडा मटिल्डा टॅल्बट यांनी १९४४ मध्ये जुन्या वास्तू आणि जमिनी जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिला. बकिंगहॅमशरमधील वेस्ट वायकम गावातील घरे १९२९ मध्ये विक्रीला आली तेव्हा ती रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्‌सने घेतली आणि १९३४ मध्ये ट्रस्टच्या स्वाधीन केली. ट्रस्टने अविक्रेय ठरवलेली मालमत्ता १९०७ च्या कायद्यामुळे पुन्हा सहजी बाजारात येऊ शकत नाही. नॉटिंगहॅमशरमधील लॅक्स्टन येथे मध्ययुगीन पद्धतीची सामाईक शेते अजून कसली जातात, म्हणून १९५२ मध्ये ते कृषिमंत्रालयानेच विकत घेतले होते.

खाजगी मालकाकडून खाजगी मालकाकडे अख्खे गाव जाण्याचे प्रकारही घडतात. हॅम्पशरमधील लिंकनहोल्ट हे सुमारे दोन हजार एकरांचे गाव, वीसहून अधिक घरे आणि क्रिकेटच्या मैदानासह, २००९ मध्ये एकाच खरेदीदाराला विकले गेले. चर्च तेवढे व्यवहाराबाहेर राहिले. यॉर्कशरमधील वेस्ट हेस्लर्टन २०१६ मध्ये दोन कोटी पौंडांना विक्रीस काढले गेले, तेव्हा त्यात ४३ घरे आणि एक पब होता. एकसंध गाव दिसायला सुंदर राहते हे मान्य; पण तेथील रहिवाशाच्या घराचे छप्पर, भाडे आणि दाराचा रंग हे सारे एकाच माणसाच्या मर्जीवर असते, आणि मालक चांगला निघणे हा योगायोगाचा भाग आहे, हे छायाचित्रांत दिसत नाही.

प्रश्न : आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्येही असेच झाले का?

नाही. आयर्लंडमध्ये १९०३ च्या विंडम कायद्याने सरकारने कुळांना शेताची किंमत उसनी दिली, ती साडेअडुसष्ट वर्षांच्या हप्त्यांनी फेडायची होती, आणि विकण्यास राजी झालेल्या जमीनदाराला वर १२ टक्के अधिक दिले. मजुरांसाठी तेथे १८८३ पासूनच्या कायद्यांन्वये ग्रामीण मंडळांनी छोट्या जमिनीसह चाळीस हजारांहून अधिक कॉटेजेस बांधली, आणि १९३६ च्या कायद्याने ती राहणाऱ्यांना विकत घेता येऊ लागली. इंग्लंडमधील मजुराला या तोडीचे काहीही मिळाले नाही.

स्कॉटलंडमध्ये मोठ्या इस्टेटी पुष्कळशा आजही तशाच आहेत. परंतु १९९३ मध्ये असिंट येथील क्रॉफ्टर, म्हणजे छोट्या तुकड्यांवरील खंडकरी, शेतकऱ्यांनी आणि १९९७ मध्ये एग बेटावरील रहिवाशांनी आपली जमीन सामूहिकरीत्या विकत घेतली, आणि २००३ च्या जमीनसुधारणा कायद्याने अशा खरेदीला रीतसर वाट करून दिली.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये एका जुन्या इस्टेटीतून निघालेले कॉटेज घेत आहेत. त्यांनी कोणती काळजी घ्यावी?

एक मालक असताना विहीर, वाट, गटार, कुंपण यांचे हक्क लिहून ठेवण्याची गरजच नसते. माणूस स्वतःच्याच जमिनीवरून जाण्याचा हक्क स्वतःला कशाला देईल? इस्टेट मोडते त्या दिवशी हे सगळे एकदम लिहावे लागते, आणि जे लिहायचे राहते त्यावर पुढे भांडणे होतात. म्हणून खरेदीपूर्वी घराइतकेच लक्ष इस्टेटीपासून ते तुटले त्या वेळच्या खरेदीखताकडे द्यावे.

याबाबतचा पायाभूत निकाल १८७९ चा आहे, आणि तो एका लिलावातूनच उद्भवला. एका मालकाने आपली कार्यशाळा आणि शेजारची मोकळी जागा एकाच वेळी लिलावात काढली. जागा विकली गेली, कार्यशाळा राहिली, आणि ती महिनाभराने दुसऱ्याने घेतली. जागेच्या बाजूने कार्यशाळेच्या खिडक्यांचा उजेड अडवण्यात आला तेव्हा प्रश्न न्यायालयात गेला. न्यायालयाने सांगितले, की विकलेल्या तुकड्याच्या उपभोगाला लागणाऱ्या, उघड दिसणाऱ्या वहिवाटी खरेदीदाराला मिळतात; विकणाऱ्याला मात्र स्वतःसाठी काही राखायचे असेल तर ते खतात स्पष्ट लिहावे लागते. मालकाने काही राखले नव्हते, म्हणून कार्यशाळेला उजेडाचा हक्क मिळाला नाही. तेव्हा आपल्या कन्येच्या कॉटेजचा लॉट आधी विकला गेला की नंतर, ही ऐतिहासिक कुतूहलाची बाब नाही.

दुसरा निकाल १९९४ चा, त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाचे काम करणाऱ्या हाऊस ऑफ लॉर्ड्‌सचा. सॉमरसेटमधील एका घराचे १९६० मध्ये मुख्य घर आणि कॉटेज असे दोन भाग झाले होते, मुख्य घराचे छप्पर कॉटेजच्या एका भागावर आले होते, आणि ते गळणार नाही याची काळजी घेण्याचे वचन मुख्य घराच्या मालकाने खतात दिले होते. मालक बदलले, छप्पर गळू लागले, आणि न्यायालयाने ठरवले की खर्च करायला लावणारे असे वचन पुढच्या मालकावर बंधनकारक होत नाही. याउलट अमुक करू नये, अशा स्वरूपाची बंधने १८४८ पासून पुढच्या मालकांवर चालत आली आहेत. म्हणजे कॉटेजवर दुकान काढू नये, मजला चढवू नये अशी शंभर वर्षांपूर्वीची अट आजही अंगावर येऊ शकते, पण सामाईक रस्ता दुरुस्त ठेवण्याचे शेजाऱ्याच्या पूर्वमालकाचे वचन कागदावरच राहू शकते. सामाईक रस्त्याचा खर्च कोण कसा वाटून घेतो, हे म्हणून आधी लेखी विचारून घ्यावे.

पाणी झऱ्याचे किंवा इस्टेटीच्या जुन्या नळाचे असेल, तर तो नळ कोणाच्या जमिनीतून येतो आणि दुरुस्तीसाठी तेथे शिरण्याचा हक्क आहे का, हे पाहावे. सेप्टिक टँक कधीकधी दोन-तीन घरांत मिळून असतो, आणि त्याचे पाणी थेट ओढ्यात सोडण्यास इंग्लंडमध्ये १ जानेवारी २०२० नंतर मुभा नाही. टाकी बदलण्याचा खर्च लहान नसतो. भूगर्भातील खनिजे आणि शिकारीचे हक्क जुन्या मालकाने राखून ठेवलेले असणे सर्वसाधारण आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये खरेदीनंतर जमिनीची नोंदणी सर्वत्र सक्तीची झाली ती १ डिसेंबर १९९० पासून. एकाच घराण्याकडे त्याआधीपासून असलेल्या इस्टेटीची नोंदणी कधीच झालेली नसू शकते. अशा वेळी हद्द नकाशावरील जाड रेषेवरून ठरवावी लागते, आणि त्या रेषेची जाडी प्रत्यक्ष जमिनीवर काही फूट भरते.

खरेदीचे काम पाहणारे वकील, म्हणजे सॉलिसिटर, नेहमीच्या तपासण्या करतीलच. त्यांखेरीज त्या परगण्याच्या अभिलेखागारात मूळ लिलावाची पुस्तिका आहे का, याची चौकशी आपल्या जावयांना करायला सांगावी. अशा पुस्तिका तेथे पुष्कळ जपलेल्या आहेत. शेजारचा प्रत्येक लॉट कोणत्या वाटेने आणि कोणत्या विहिरीवर हक्कासह विकला गेला, हे त्यांत छापलेले असते. १९१० च्या वित्त कायद्यान्वये झालेल्या जमीन-मूल्यांकनाच्या नोंदवह्या लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत घराचा मालक, राहणारा, खोल्या आणि बहुधा पाण्याची सोयही नोंदलेली आढळते. सौदा पक्का करण्यापूर्वी या दोन्ही कागदांच्या प्रती मिळवून सॉलिसिटरच्या हाती द्याव्यात, कारण कराराची देवाणघेवाण झाल्यावर इंग्लंडमध्ये माघार घेतली तर साधारणपणे दहा टक्के अनामत रक्कम गमवावी लागते.